खाणीचा जन्म आणि मृत्यू : कोलारच्या निमित्ताने

'खाण तशी माती' ही म्हण आपण आईबापांवरून मुलांची पारख करताना सहज वापरतो. म्हणीतील ही खाण प्रत्यक्षात कशी सापडते, कशी चालते आणि शेवटी तिचे काय होते, याचा विचार मात्र आपण, विशेषतः कलाशाखेचे विद्यार्थी, क्वचितच करतो. भूगोलाच्या पुस्तकात खाण आपल्याला भेटते ती नकाशावरील एका ठिपक्याच्या रूपाने. कोलार म्हणजे सोने, बालाघाट म्हणजे मँगनीज, झरिया म्हणजे कोळसा. परीक्षेपुरते हे ठिपके पाठ केले की आपले काम संपते.

नकाशावरील ठिपका स्थिर असतो, खाण तशी नसते. तिला जन्म आहे, वाढ आहे, वार्धक्य आहे आणि मृत्यूही आहे. शेताची मशागत केली तर ते पिढ्यान्‌पिढ्या पिकते. जंगल राखले तर ते पुन्हा वाढते. गिरणीतील यंत्रे झिजली तर नवी बसविता येतात. खाणीतून काढलेला प्रत्येक टन मात्र तिचे आयुष्य तेवढ्याने कमी करतो आणि तो टन पुन्हा तयार होण्यास माणसाच्या इतिहासाहून कितीतरी मोठा काळ लागतो. ज्या दिवशी खाण सुरू होते त्याच दिवशी तिचा शेवटही ठरलेला असतो. फक्त त्याची तारीख ठाऊक नसते. हे सत्य साधे आहे, परंतु खाणी चालविणारांनी आणि त्यांच्यावर राज्य करणारांनी ते फार उशिरा ओळखले. या विलंबाची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणींसारखे दुसरे उदाहरण आपल्या देशात नाही. शोधापासून समाप्तीपर्यंतचे सर्व टप्पे तेथे दोनशे वर्षांच्या अवधीत एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात. म्हणून प्रस्तुत लेखात त्या खाणींना धरून एकेका टप्प्याचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

१. शोध

खनिजाचा शोध म्हणजे कोणीतरी कुदळ मारली आणि सोने चमकले, अशी आपली कल्पना असते. वस्तुतः शोध हे एक लांबलचक गाळप असते. प्रथम मोठ्या प्रदेशाची टेहळणी करावयाची, त्यातून लहान क्षेत्र निवडावयाचे, त्याचे अधिक बारकाईने परीक्षण करावयाचे, आणि असे करीत करीत अखेर एखाद्या टेकडीपर्यंत येऊन पोहोचावयाचे. आपल्या देशात आज मान्य असलेल्या पद्धतीप्रमाणे या कामाचे चार स्तर मानतात : टेहळणी, प्राथमिक समन्वेषण, सामान्य समन्वेषण आणि तपशीलवार समन्वेषण. प्रत्येक स्तरावर खर्च वाढतो आणि प्रत्येक स्तरावर बहुतेक जागा बाद होतात. डोंगर पोखरून उंदीर निघण्याचा अनुभव या धंद्यात नित्याचाच आहे.

भूशास्त्रज्ञ प्रथम खडकांची जात पाहतो. कोलारचे सोने आहे ते धारवाडी खडकांच्या एका अरुंद पट्ट्यात. हा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे ८० किलोमीटर लांब आणि जेमतेम काही किलोमीटर रुंद आहे. या अतिप्राचीन खडकांतील भेगांमध्ये गारगोटीच्या शिरा आहेत आणि त्या शिरांमध्ये सोन्याचे कण विखुरलेले आहेत. सगळ्याच शिरांत सोने नसते, आणि ज्या शिरेत असते तिच्यातही ते सर्वत्र सारखे नसते. म्हणून नकाशा काढल्यावर नमुने गोळा करावे लागतात, चर खणावे लागतात आणि पुढे यंत्राने खोलवर वेध घेऊन खडकाच्या लांबट कांड्या बाहेर काढाव्या लागतात. या कांड्यांना गाभा असे म्हणतात. जमिनीखालच्या जगाचे पान न्‌ पान या गाभ्यांवरून वाचले जाते.

कोलारच्या बाबतीत शास्त्रज्ञांच्या आधी तेथील गावकरी पोहोचले होते. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूर राज्याच्या सीमेची मोजणी करण्यासाठी आलेल्या जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये या भागातील सोन्याच्या वार्ता ऐकल्या आणि गावकऱ्यांनी माती धुऊन सोने काढून दाखविल्याची हकीकत लिहून ठेवली. जुन्या, हाताने खणलेल्या विवरांच्या खुणाही तेथे होत्या. म्हणजे 'शोध' हा शब्द आपण वापरतो तेव्हा तो बहुधा भांडवलाला लागलेला शोध असतो. स्थानिक माणसाला ती गोष्ट अगोदरच ठाऊक असते.

वॉरनच्या लेखानंतर जवळजवळ सत्तर वर्षे फारसे काही घडले नाही. पुढे मायकेल लॅव्हेल नावाचा एक निवृत्त आयरिश सैनिक बंगळुरात राहावयास आला. न्यूझीलंडमधील युद्धात भाग घेतल्यामुळे तेथील सोन्याच्या धंद्याची त्याला कल्पना होती. त्याने वॉरनचा जुना लेख वाचला, कोलारच्या माळावर भटकंती केली आणि म्हैसूर सरकारकडे अर्ज करून १८७५ च्या सुमारास खाणकामाचा पट्टा मिळविला. त्याच्याजवळ चिकाटी होती, परंतु पैसा नव्हता. थोड्याच काळात त्याचे हक्क दुसऱ्यांच्या हाती गेले.

२. मोजणी आणि निर्णय

खनिज सापडणे आणि खाण काढणे परवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. येथेच भूशास्त्राचा हात सुटतो आणि अर्थशास्त्राचा हात धरावा लागतो. ज्या खडकातून धातू काढणे परवडते त्याला धातुक म्हणतात. परवडत नाही तोच खडक नुसता दगड ठरतो. धातुक हा शब्द दिसावयास भूशास्त्राचा असला तरी त्याचा अर्थ बाजारभावावर अवलंबून असतो. सोन्याचा भाव चढला की कालचा दगड आज धातुक होतो, आणि भाव उतरला की आजचे धातुक उद्या दगड होते. ज्या प्रमाणाखाली खणणे तोट्याचे होते त्या मर्यादेला सीमांत प्रत म्हणता येईल. आपल्या अर्थशास्त्राच्या तासाला सीमांत खर्चाचा जो सिद्धान्त शिकवितात, तो खाणीच्या तोंडाशी असा प्रत्यक्ष उभा असतो.

म्हणून या टप्प्यात साठा किती, प्रत कोणती, खोली किती, पाणी आणि वीज कोठून आणावयाची, मजूर कोठले, माल कोणत्या मार्गाने न्यावयाचा, भांडवल किती वर्षांत परत येईल, या सगळ्याचा हिशेब मांडतात. त्याला व्यवहार्यता-अभ्यास असे नाव आहे. या हिशेबाच्या अखेरीस 'खाण काढू नये' असे उत्तर येण्याचाच संभव अधिक असतो.

कोलारला हा हिशेब नीट मांडण्याआधीच पैसा ओतला गेला. १८८० च्या सुमारास लंडनमध्ये कंपन्या निघाल्या, समभाग विकले गेले, आणि पहिल्या काही वर्षांत सोने एवढे थोडे निघाले की भागधारकांचा धीर सुटला. जॉन टेलर अँड सन्स या इंग्लिश व्यवस्थापकांनी उरलेल्या पैशात आणखी एक प्रयत्न करून पाहण्याचे ठरविले. कॅप्टन प्लमर या खाणतज्ज्ञाने जुन्या देशी विवरांखाली खोल जाऊन पाहिले आणि १८८० च्या दशकाच्या मध्यास 'चॅम्पियन' ही प्रसिद्ध शीर त्याच्या हाती लागली. प्राचीन खाणकऱ्यांनी जेथे काम थांबविले होते त्याच्याच खाली खरे धन होते. पाणी उपसण्याचे व हवा खेळविण्याचे साधन नसल्यामुळे ते तेथे थांबले असावेत.

३. परवाना आणि पट्टा

निर्णय झाल्यावर जमिनीचा प्रश्न येतो. पृष्ठभागाचा मालक आणि पोटातील खनिजाचा मालक बहुधा वेगळे असतात. म्हैसूर संस्थानाने खाणपट्टे देऊन निघालेल्या सोन्यावर स्वामित्वधन घेतले आणि संस्थानाच्या तिजोरीत त्याची चांगली भर पडली. स्वातंत्र्यानंतर १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाने या व्यवहाराला देशभर एक चौकट दिली. २०१५ च्या दुरुस्तीने मोठ्या खनिजांचे पट्टे लिलावाने देण्याची पद्धत आणली आणि खाणींमुळे ज्यांच्यावर परिणाम होतो अशा लोकांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद केली. जंगलाची जमीन असल्यास १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली संमती लागते. पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास करून व लोकांची सुनावणी घेऊन मंजुरी मिळवावी लागते. खाणकामाचा आराखडा तपासण्याचे काम ज्या भारतीय खाण कार्यालयाकडे, म्हणजे इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सकडे आहे, त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरास आहे. ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली.

हा टप्पा कागदी वाटतो. परंतु खाणीच्या पुढील आयुष्यात कोणाला किती मिळणार आणि कोणी किती सोसावयाचे, हे येथेच ठरते. एकदा यंत्रे आली आणि रस्ते झाले की अटी बदलणे अवघड होते.

४. उभारणी

खाण उभारणे म्हणजे बहुतेक वेळा एक गाव, आणि कधीकधी एक शहरच, उभारणे होय. खनिज पृष्ठभागाजवळ असेल तर वरची माती व खडक बाजूला सारून उघडी खाण काढतात. गोव्यातील लोखंडाच्या आणि चंद्रपूर भागातील पुष्कळशा कोळशाच्या खाणी या प्रकारच्या आहेत. खनिज खोल असेल तर उभी विहीर खणतात. तिला कूपक किंवा रूढ भाषेत शाफ्ट म्हणतात. शाफ्टमधून ठराविक अंतरावर आडवे बोगदे काढून शिरेपर्यंत पोहोचतात. माणसे उतरविणे, दगड वर आणणे, पाणी उपसणे आणि हवा खाली सोडणे, ही सर्व कामे शाफ्टवाटे होतात. शाफ्ट हा भूमिगत खाणीचा गळा आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कोलारच्या ओसाड माळावर मारीकुप्पम, उरिगाम, चॅम्पियन रीफ, नंदीदुर्ग अशी नावे असलेल्या खाणी व वसाहती उभ्या राहिल्या. बंगारपेटहून आगगाडीचा फाटा आला. पालार नदीवरील बेतमंगल येथील तलावातून पाणी आणले गेले. सर्वांत मोठे काम विजेचे होते. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत कावेरीच्या शिवसमुद्रम्‌ धबधब्यावर वीजनिर्मितीची योजना हाती घेण्यात आली आणि १९०२ मध्ये सुमारे १५० किलोमीटर लांबीच्या तारांवरून ती वीज कोलारच्या खाणींना पोहोचली. बंगळूर शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते यानंतर. धबधब्याची वीज प्रथम माणसांच्या घरांत न जाता खाणीच्या यंत्रांकडे गेली, ही गोष्ट त्या काळच्या अग्रक्रमांविषयी बरेच काही सांगून जाते.

साहेबांसाठी बंगले, क्लब आणि मैदाने झाली. कॉर्नवॉलमधून आणलेल्या गोऱ्या खाणकऱ्यांची वस्ती निराळी होती. खाली उतरणारे मजूर बहुसंख्येने तमिळ व तेलुगू मुलखातील होते आणि त्यांत दलित समाजातील कुटुंबे फार मोठ्या प्रमाणावर होती. गावाकडील जातीच्या जाचातून व उपासमारीतून सुटका म्हणून ती येथे आली आणि 'लाईन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान खोल्यांच्या रांगांत राहिली. ऐन भरात असताना येथील कामगारांची संख्या तीस हजारांच्या घरात गेली होती.

५. उत्पादन

आता खाण तारुण्यात येते. शिरेच्या दगडात भोके पाडावयाची, सुरुंग लावावयाचा, फुटलेला दगड वर आणावयाचा, त्याचे पीठ करावयाचे आणि त्या पिठातून धातू वेगळा करावयाचा, असा हा अखंड क्रम असतो. कोलारला प्रारंभी पाऱ्याच्या साहाय्याने सोने पकडीत. १८८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये सायनाइडची पद्धत निघाली आणि पुढील काही वर्षांत तिचा सोन्याच्या खाणींत सर्वत्र प्रसार झाला. सायनाइडच्या पातळ द्रावणात सोने विरघळते, मग जस्ताच्या योगाने ते पुन्हा बाहेर काढता येते. जे बारीक पीठ उरते त्यास टेलिंग्ज म्हणतात. आपण त्याला चोथा म्हणू. टनभर दगडात सोने काही ग्रॅम. बाकी सारा चोथा. तो खाणीशेजारी ओतला जातो. चोथ्याच्या टेकड्या कशा वाढत गेल्या, याकडे उत्पादनाच्या काळात कोणी फारसे पाहिले नाही.

जसजसे खोल जावे तसतसे काम कठीण होते. चॅम्पियन रीफ खाण सुमारे ३.२ किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचली आणि जगातील सर्वांत खोल खाणींपैकी एक म्हणून तिची ख्याती झाली. एवढ्या खोलीवर खडकाचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. हवा थंड करून खाली सोडावी लागते. त्याहूनही भयंकर गोष्ट म्हणजे खडकाचा स्फोट. वरच्या प्रचंड दाबाखाली असलेला खडक पोकळी निर्माण होताच अकस्मात फुटतो आणि क्षणार्धात बोगदा मिटवून टाकतो. कोलारच्या वस्तीतील घरे या हादऱ्यांनी थरथरत. अशा स्फोटांनी आणि गारगोटीच्या बारीक धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाने किती संसार उद्ध्वस्त केले याची आठवण त्या वस्त्यांतून अद्याप आहे. सोन्याच्या उत्पादनाचे आकडे वाचताना या रकान्याची जागा रिकामी असते.

याच खोलीने विज्ञानाला मात्र एक देणगी दिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कोलारच्या खाणीत विश्वकिरणांचे प्रयोग केले. वरच्या खडकामुळे इतर किरण अडतात आणि अत्यंत भेदक तेवढे खाली पोहोचतात. १९६५ मध्ये सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, ब्रिटिश व जपानी सहकाऱ्यांच्या बरोबरीने, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांच्या खुणा टिपण्यात त्यांना यश आले. जगात अशी नोंद प्रथम झाली त्या मोजक्या प्रयोगांपैकी हा एक होय.

६. ओहोटी

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? कोलारच्या प्रारंभीच्या काळात एक टन दगडातून पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास सोने निघत असे. अखेरच्या काळात हे प्रमाण तीन ग्रॅमच्या जवळ आले. हा फरक तोळ्याच्या भाषेत मांडला तर अधिक स्पष्ट होईल. पूर्वी एक तोळा सोन्यासाठी सुमारे पाव टन दगड फोडावा लागे. शेवटी त्याच एका तोळ्यासाठी जवळजवळ चार टन फोडावा लागू लागला, आणि तोही दोन-तीन किलोमीटर खोलीवरून वर आणून.

खाणींचा मालकही दरम्यान बदलला. १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्र सरकारकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. भरभराटीची वर्षे लंडनच्या भागधारकांनी उपभोगली आणि उतरतीची वर्षे प्रजासत्ताकाच्या वाट्याला आली. राष्ट्रीयीकरणानंतर काही काळ तर येथील सोने बाजारभावाहून कमी अशा अधिकृत आंतरराष्ट्रीय दराने सरकारला द्यावे लागे. त्यामुळे वहीतला तोटा वाढलेलाच दिसे. १९९२ मध्ये कंपनी आजारी उद्योगांत जमा झाली.

या टप्प्यात व्यवस्थापनापुढे तीन मार्ग असतात : नवा साठा शोधणे, खर्च कमी करणे, किंवा बंद करण्याची तयारी करणे. पहिल्या दोन मार्गांवर आशेने चालत राहण्याकडे माणसाचा कल असतो. तिसरा मार्ग कोणालाच नको असतो, कारण त्याचे नाव काढणे अशुभ वाटते. कामगार संघटनेला तो शब्द नको, सरकारला नको, बाजारपेठेतील दुकानदारालाही नको. परिणामी जी वर्षे तयारीत घालवावयाची ती आशेत जातात.

७. समाप्ती

२८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारच्या सोन्याच्या खाणी बंद झाल्या. सुमारे १२० वर्षांत तेथून ८०० टनांच्या आसपास सोने निघाले होते.

खाण बंद करणे म्हणजे दाराला कुलूप लावणे नव्हे. शाफ्टची तोंडे पक्की बुजवावी लागतात. जमीन खचण्याचा संभव असलेल्या जागा निश्चित कराव्या लागतात. पंप थांबले की खालच्या पोकळ्यांत पाणी भरू लागते. ते कोठवर चढेल, त्यात काय मिसळेल, याचा अंदाज ठेवावा लागतो. चोथ्याच्या टेकड्यांना उतार देऊन, वर माती पसरून झाडोरा लावावा लागतो, म्हणजे धूळ उडत नाही आणि पावसाचे पाणी विष घेऊन ओढ्याला मिळत नाही. यंत्रे काढावी लागतात, इमारतींचे काय करावयाचे ते ठरवावे लागते. आणि या सर्वांहून कठीण असा प्रश्न माणसांचा. ज्यांच्या तीन-चार पिढ्यांनी एकच काम केले, त्यांनी उद्यापासून काय करावयाचे?

कोलारला यांपैकी बहुतेक प्रश्न खाण बंद झाल्यावर विचारले गेले. पंप थांबले, बोगदे पाण्याने भरले. सायनाइडच्या प्रक्रियेतून निघालेल्या चोथ्याच्या तेरा टेकड्या, मिळून तीन कोटी टनांहून अधिक माल, वस्तीला लागून उभ्या राहिल्या. वारा सुटला की त्यांची धूळ घरांत येते. पाणी, रुग्णालय, वसाहत, वीज यांतील बरेच काही कंपनीच्या अंगावर चालत असे. कंपनीबरोबर तेही खिळखिळे झाले. तरुणांनी बंगळूरची वाट धरली. आजही तेथील हजारो माणसे पहाटेच्या गाडीने सुमारे शंभर किलोमीटर दूर बंगळुरास कामाला जातात आणि रात्री परततात. खाणकामगारांचे शहर निजावयास येण्याचे गाव होऊन बसले.

२००३ मध्ये, म्हणजे कोलार बंद पडल्यानंतर दोन वर्षांनी, आपल्या देशात नियमांत दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणीसाठी समाप्तीची योजना तयार करणे बंधनकारक झाले. बैल गेला आणि झोपा केला, असे कोलारच्या माणसाने म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. तथापि नियम योग्य आहे. त्याप्रमाणे खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्याने जमीन पूर्ववत करीत जावयाचे आणि शेवट जवळ आला की अंतिम योजना सादर करावयाची. त्यासाठी आर्थिक हमीही द्यावी लागते. कोळशाच्या खाणींसाठी २००९ मध्ये अशी मार्गदर्शक तत्त्वे आली की समाप्तीचा खर्च दरवर्षी एका राखीव बँक खात्यात जमा करावा. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत व चारा उगवेल अशी व्यवस्था करण्याची अट पट्ट्यांत घालावी, असा आदेश दिला.

समाप्ती नेहमी खनिज संपल्यामुळेच येते असे नाही. गोव्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यास सगळ्या खाणी एकाच वेळी थांबल्या. नियम मोडून काम केल्याचा तो परिणाम होता. त्यामुळे ट्रक, बार्जेस, गॅरेजे, खानावळी यांच्यावर जगणारी गावे एका रात्रीत थंडावली. पुढे पट्ट्यांचे लिलाव होऊन काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले, परंतु मधल्या वर्षांचा फटका बसावयाचा तो बसलाच. अशा आकस्मिक समाप्तीलाही योजनेत जागा हवी, हा त्यातून घ्यावयाचा धडा.

दुसऱ्या बाजूस चांगली उदाहरणेही आहेत. गोव्यातच साखळी येथील खणून संपलेल्या जमिनीवर झाडे वाढविली गेली आणि खड्ड्यातील पाण्यात मासे पाळले गेले. नागपूरजवळ सावनेर येथे कोळसा खाणीच्या जागेवर उद्यान करून लोकांना खाण पाहण्याची सोय करण्यात आली. कोलारला ज्या कॉर्नवॉलमधून खाणकरी आले, तेथे चिनी मातीच्या एका वापरून संपलेल्या खाणीत प्रचंड काचघरांसारखे घुमट उभारून 'ईडन प्रोजेक्ट' नावाचे वनस्पती-उद्यान करण्यात आले. ते लोकांसाठी खुले झाले मार्च २००१ मध्ये, कोलारच्या खाणी बंद झाल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी. दोन्ही ठिकाणी खणण्याची विद्या एकच होती. फरक पडला तो संपल्यानंतरच्या दिवसाचा विचार करण्यात आणि त्यासाठी पैसा उभा करण्यात.

८. चोथ्याचे पुनरागमन

कोलारच्या कथेला अलीकडे एक नवे वळण लागले आहे. सोन्याचा भाव इतका वाढला आहे की त्या तेरा टेकड्यांच्या चोथ्यात राहून गेलेले अल्पसे सोने काढणेही परवडेल असा हिशेब मांडला जात आहे. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने त्या प्रस्तावास मान्यता दिली. वर सांगितल्याप्रमाणे कालचा दगड आज धातुक झाला. म्हणजे शोध, मोजणी, परवाना हे टप्पे त्या जागी पुन्हा एकदा सुरू होणार. टेकड्या हलविताना धूळ कशी आवरावयाची, काम स्थानिकांना किती मिळावयाचे आणि दुसऱ्यांदा उरणारा चोथा कोठे ठेवावयाचा, हे प्रश्न या वेळी तरी पहिल्या दिवशी विचारले जावेत, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

उपसंहार

सोने, लोखंड, कोळसा यांवाचून आजचे जीवन चालणार नाही. आपल्या हातातील पेनाच्या टोकापासून वर्गातील पंख्यापर्यंत सर्वत्र कोठल्या तरी खाणीतला माल आहे. तेव्हा खाणी नकोतच, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु खाणीचे उत्पन्न म्हणजे व्याज नव्हे, ते मुद्दल आहे, एवढे तरी लक्षात ठेवावयास हवे. मुद्दल खर्च करणारा शहाणा माणूस त्यातील काही भाग उद्यासाठी बाजूला काढतो. खाणीच्या भरभराटीच्या वर्षांतच तिच्या अंत्यसंस्काराची व वारसांच्या पोटापाण्याची तरतूद व्हावयास हवी. कारण खाण म्हातारी झाल्यावर तिच्याजवळ द्यावयास काही उरत नाही. कोलारच्या संपन्न काळात अशी तरतूद झाली असती तर तेथील तेरा टेकड्यांवर आज झाडी असती आणि पहाटेच्या गाडीला एवढी गर्दी नसती.

हा विषय केवळ अभियंत्यांचा नाही. साठा किती हे भूशास्त्रज्ञ सांगेल, शाफ्ट कसा खणावा हे अभियंता सांगेल. पण लाभ कोणाला, झीज कोणाची आणि शेवटचा खर्च कोणाच्या माथी, हे प्रश्न अर्थशास्त्राचे, इतिहासाचे, समाजशास्त्राचे आणि राज्यशास्त्राचे आहेत. म्हणजे ते आपले आहेत. विदर्भातील कोळसा व मँगनीज, कोकण-गोव्यातील लोखंड यांच्या खाणी आपल्यापासून दूर नाहीत. त्यांतील प्रत्येकीचा शेवटचा दिवस केव्हातरी येणार आहे. त्या खाणींच्या समाप्तीची योजना काय, तिच्यासाठी पैसा कोठे ठेवला आहे आणि त्या योजनेत कामगारांविषयी किती ओळी आहेत, याची चौकशी एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पासाठी केली, तर नकाशावरील त्या ठिपक्याचा अभ्यास झाला असे म्हणता येईल.